सुरतेचे जेवण, काशीचे मरण आणि एक लाखाचे ताट

गुजरातीत एक जुनी म्हण आहे – 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण'. जेवावे ते सुरतेत आणि मरावे ते काशीत, म्हणजे जन्माचे सार्थक झाले. उंधियू, लोचो, घारी आणि थंडीतला पोंक ज्याने चाखला आहे, तो या म्हणीच्या पहिल्या अर्ध्या भागावर वाद घालणार नाही. दुसऱ्या अर्ध्याचा अनुभव सांगायला अजून कोणी परत आलेले नाही. पण उत्तम जेवण आणि मरण या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर, एकाच रात्री आणि एकाच बिलात मिळाल्या तर? अशी अचाट कल्पना घेऊन एक इंग्रजी चित्रपट २०२२ साली आला. नाव 'द मेन्यू'. दिग्दर्शक मार्क मायलॉड, लेखक सेथ रीस आणि विल ट्रेसी.

नाताळच्या सुट्टीत सुरत जिल्ह्यातील बारडोलीला गेलो असताना हा चित्रपट पाहण्याचा योग आला. माझी आतेबहीण तिकडे दिली आहे. भावोजींचे घराणे मूळचे खानदेशातले, पण दोन पिढ्या गुजरातेत गेलेल्या. त्यामुळे घरात मराठी, अहिराणी आणि गुजराती यांचा काला असतो. आपल्याकडच्या मराठी-कानडी घरांना हे वेगळे सांगायला नको. रात्रीची जेवणे झाल्यावर भाच्याने टीव्हीवर हा चित्रपट लावला आणि आम्ही सगळे घट्ट बसून राहिलो. भरल्या पोटी पाहिला हे बरे झाले, कारण रिकाम्या पोटी तो पाहवत नाही आणि पाहिल्यावर लगेच काही खाववत नाही.

गोष्ट अशी. समुद्रात एक खाजगी बेट आहे. त्या बेटावर 'हॉथॉर्न' नावाचे एक अति महागडे हॉटेल. एका रात्री फक्त बारा पाहुणे. माणशी दर साडेबाराशे डॉलर, म्हणजे आपले साधारण एक लाख रुपये. पाहुण्यांना बोटीने नेतात आणि बोट परत जाते. तिथे मेन्यूकार्डावर बोट ठेवून 'हे आणा, ते आणा' असे चालत नाही. शेफ ठरवील ते, तो ठरवील त्या क्रमाने आणि तो वाढील तेवढेच खायचे. या शेफचे नाव ज्युलियन स्लोविक. तो दोन्ही हातांची एक जोरदार टाळी वाजवतो, सगळे आचारी जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि एका सुरात 'होय, शेफ' म्हणतात. पहिल्याच टाळीला आपल्याला कळते की हे स्वयंपाकघर नसून छावणी आहे.

पाहुणे कोण, ते पाहण्यासारखे आहे. एक बड्या नावाची समीक्षक बाई, जिच्या लेखणीने कित्येक हॉटेलांना टाळे लागले आहे, आणि तिची री ओढणारा तिचा संपादक. एक श्रीमंत वयस्क जोडपे, जे इथे वरचेवर येते. एक उतरणीला लागलेला सिनेनट आणि त्याची सहायक. हॉटेलच्या मालकाच्या कंपनीत काम करणारी आणि हिशेबात हात मारणारी तीन तरुण मुले. आणि टायलर नावाचा एक खाद्यभक्त. या टायलरला पदार्थाचे नाव, गाव, कूळ सगळे पाठ आहे. शेफ दिसला की त्याचे डोळे भरून येतात. फोटो काढायला सक्त मनाई असूनही तो ताटाचे फोटो काढतोच. त्याच्याबरोबर आलेली मार्गो ही मात्र यादीत नसलेली पाहुणी. जिच्या नावाने आरक्षण होते ती मुलगी टायलरला सोडून गेलेली असते, म्हणून तो ऐनवेळी हिला घेऊन येतो. तिच्या येण्याने शेफचे गणित बिघडते, आणि चित्रपट उभा राहतो तो याच बिघडलेल्या गणितावर.

(पुढचे कथानक थोडे सांगणे भाग आहे. अगदी कोरे राहून चित्रपट पाहायचा असेल, त्यांनी हा लेख नंतर वाचावा. शेवट मी सांगणार नाही.)

पानामागून पान येऊ लागते. प्रत्येक पदार्थ पडद्यावर देखण्या चित्रासारखा येतो आणि शेजारी त्याचे नाव व घटक झळकतात. दुसरे पान येते 'भाकरीविना भाकरीचे ताट' अशा थाटाचे. मोठ्या ताटात चटण्या, लोणी, तेल यांचे ठिपके आणि पाव गायब! शेफ शांतपणे समजावून सांगतो, पाव हे हजारो वर्षांपासून गरिबांचे, सामान्य माणसाचे अन्न आहे. तुम्ही काही सामान्य माणसे नाही. म्हणून तुम्हाला पाव मिळणार नाही. समीक्षक बाई या कल्पकतेवर खूष होते. ती तीन मुले मात्र वैतागतात, पैसे मोजलेत, पाव आणा म्हणतात. 'आम्ही कोण आहोत ठाऊक आहे ना?' हे आपल्याकडच्या टोलनाक्यावर ऐकू येणारे वाक्य तिथेही येते. वाढपीण एल्सा खाली वाकून त्यांच्या कानात हळूच सांगते की तुम्हाला हवे त्यापेक्षा कमी मिळेल आणि तुमच्या लायकीपेक्षा जास्त. आपल्या पंगतीतल्या 'अहो, एक तरी घ्याच' या आग्रहाच्या अगदी उलट टोकाचे हे वाढणे.

पुढच्या पानात मक्याच्या पोळ्या येतात. त्यांवर यंत्राने चित्रे कोरलेली असतात. कोणाच्या पोळीवर त्याने केलेल्या अफरातफरीची कागदपत्रे, कोणाच्या पोळीवर परस्त्रीबरोबरचा फोटो, समीक्षक बाईच्या पोळीवर तिने बंद पाडलेल्या हॉटेलांची चित्रे. चित्रगुप्ताची वहीच ताटात वाढलेली! इथवर हसू येते. त्यानंतरच्या पानाला मात्र घशात घास अडकतो, कारण एक तरुण आचारी सर्वांसमोर जीव देतो आणि पाहुण्यांना वाटते की हाही खेळाचाच भाग असावा. आज कोणीच परत जाणार नाही, पाहुणेही नाहीत आणि आचारीही नाहीत, हे हळूहळू उघड होते.

तरीही चित्रपट रडका किंवा किळसवाणा होत नाही, हे त्याचे कौशल्य. विनोद अगदी कोरड्या चेहऱ्याने येतो. समीक्षक बाई एका सॉसमध्ये खोट काढते, नीट मिळून आले नाही म्हणते. लगेच तिच्यापुढे त्याच फाटलेल्या सॉसचे मोठे भांडे आणून ठेवतात. हॉटेलच्या मालकाला शेफ समुद्रात बुडवतो. त्याचा गुन्हा काय, तर त्याने मेन्यूत बदल सुचवले होते. सिनेनटाचा गुन्हा त्याहून भारी. शेफला कित्येक महिन्यांत एकच सुट्टी मिळाली होती आणि त्या दिवशी त्याने या नटाचा भिकार चित्रपट पाहिला होता. सुट्टीचा दिवस टुकार सिनेमाने वाया गेल्याचे दुःख आपल्यालाही कळते. आपण फक्त कोणाला मारत नाही, एवढेच.

शेफच्या भूमिकेत राल्फ फाइन्स आहे. 'शिंडलर्स लिस्ट'मधला थंड डोक्याचा नाझी अधिकारी ज्यांना आठवत असेल, त्यांना हा नट काय करू शकतो ते सांगायला नको. इथे तो आवाज चढवत नाही. थकलेल्या, स्वतःच्याच कलेला विटलेल्या माणसाचे डोळे घेऊन तो वावरतो. मार्गो झालेली आन्या टेलर-जॉय आणि तो यांची जुगलबंदी हा चित्रपटाचा कणा. दोघांनाही २०२३ च्या गोल्डन ग्लोबसाठी नामांकन मिळाले होते. पडद्यावरचे पदार्थ खोटे वाटत नाहीत, कारण ते सजवण्यासाठी डॉमिनिक क्रेन या खऱ्या शेफबाईंची मदत घेतली होती. अमेरिकेत तीन मिशेलिन तारे मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला शेफ. लेखक विल ट्रेसी यांना ही कल्पना सुचली तीही एका खऱ्या जेवणावरून. नॉर्वेतील बर्गेनजवळच्या एका बेटावरच्या हॉटेलात ते जेवायला गेले, नेणारी बोट निघून गेली आणि आपण इथून उठून जाऊ शकत नाही या जाणिवेने त्यांना घाम फुटला. लग्नाच्या हॉलमध्ये आहेराच्या रांगेत अडकलेल्या माणसाला ही भावना परिचयाची आहे.

आता तुम्ही विचाराल, जेवणाचे एवढे काय मनावर घ्यायचे? जगातल्या बड्या स्वयंपाकघरांत ते किती मनावर घेतले जाते याची दोन खरी उदाहरणे देतो. फ्रान्समधील नामवंत शेफ बर्नार लुआझो यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये आत्महत्या केली. एका खाद्य-मार्गदर्शिकेने त्यांचे गुण कमी केले होते आणि मिशेलिनचा तिसरा तारा जाणार अशी कुजबूज सुरू होती. प्रत्यक्षात त्या वर्षी तारा गेला नव्हता. दुसरे उदाहरण कोपनहेगनच्या 'नोमा'चे. २००३ मध्ये सुरू झालेले हे हॉटेल जगातील सर्वोत्तम म्हणून पाच वेळा निवडले गेले. 'द मेन्यू' प्रदर्शित झाल्यावर दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये, त्याचे शेफ रेने रेझेपी यांनी जाहीर केले की नेहमीचे हॉटेल म्हणून ते आता चालवता येणार नाही, हे गणित टिकणारे नाही. हे गणित इतकी वर्षे टिकले कसे? एक कारण असे की तिथे शिकायला येणारी मुले बिनपगारी राबत होती. त्यांना पगार देणे सुरू झाले ते २०२२ च्या ऑक्टोबरात. एकेका ताटावर चिमट्याने पाने लावायला वीस-पंचवीस हात लागतात, आणि त्या हातांना रास्त मोल दिले की ताट परवडेनासे होते.

'होय, शेफ' ही शिस्तही चित्रपटकर्त्यांची कल्पना नव्हे. ऑग्युस्त एस्कॉफिए या फ्रेंच आचाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघराची रचना पलटणीसारखी केली. तो स्वतः १८७० च्या युद्धात लष्कराचा आचारी होता. वर सेनापती, खाली नायक, त्याखाली शिपाई. त्या रचनेने काम नेटके झाले हे खरे, पण हुकूम आणि भीती हीही तिथे कायमची वस्तीला आली. चित्रपटात हॉथॉर्नचे आचारी राहतात ती जागा दाखवली आहे. एका लांब खोलीत ओळीने लावलेले पलंग. त्यांना वेगळे घर नाही, वेगळा दिवस नाही, वेगळे आयुष्य नाही. पाहुण्यांना ती खोली मोठ्या कौतुकाने दाखवतात. पाहुणेही कौतुकाने पाहतात आणि पुढे सरकतात.

हे दृश्य मी पाहिले ते बारडोलीत, आणि म्हणून ते तिथेच थांबले नाही. बारडोली म्हटले की आपल्याला शाळेतले इतिहासाचे पुस्तक आठवते. १९२८ चा साराबंदीचा सत्याग्रह, सरकारला नमवणारे शेतकरी आणि वल्लभभाईंना मिळालेली 'सरदार' ही पदवी. तिथला स्वराज आश्रम आजही पाहायला मिळतो. पण आजच्या बारडोलीची दुसरी ओळख साखर ही आहे. तिथला सहकारी साखर कारखाना देशातल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक. हिवाळ्यात त्या भागात जा, रस्त्याने उसाच्या गाड्यांची रीघ असते आणि गावाबाहेर मोकळ्या जागेत तोडणी टोळ्यांच्या झोपड्या पडलेल्या असतात. या टोळ्यांत डांगचे, तापी जिल्ह्यातले आदिवासी असतात, आणि आपले मराठी मुलखातले, नंदुरबार-धुळ्याकडचेही असतात. सुरत-भुसावळ लाइनवर नवापूर नावाचे स्टेशन आहे, ज्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. फलाटावर ती राज्याची रेघ दाखवायला लोक फोटो काढतात. ऊसतोडणीला निघालेल्या कुटुंबाला त्या रेघेचे कसले कौतुक? पोट दोन्ही बाजूंना तेवढेच असते.

यान ब्रेमन या डच अभ्यासकाने दक्षिण गुजरातेतल्या मजुरांवर आयुष्यभर काम केले. बारडोलीच्या साखर कारखान्यांवरच्या त्यांच्या १९७८ च्या निबंधाचे नावच मुळी ऊस आणि मजूर या दोघांच्या गाळपाविषयीचे आहे. तिथे हंगामापूर्वी मुकादम उचल देतो. हंगामात खायला 'खावटी' मिळते, म्हणजे धान्य आणि थोडी रोख. हंगामाअखेर ती मजुरीतून कापून घेतात, तीही व्याजासकट. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराच्या नावाने ओळखणारा हा हिशेब आपल्याकडेही आहे. उगार, संकेश्वर, चिक्कोडीच्या वाटेवर बीडकडच्या टोळ्यांच्या गाड्या आपण दर वर्षी पाहतो आणि हॉर्न वाजवून पुढे जातो.

आता थोडे गणित करू. गुजरात सरकारने २०२३ पासून ऊसतोडणीचा किमान दर टनाला ४७६ रुपये केला. त्याआधी तो २३८ होता. एक कोयता दिवसाला साधारण टनभर ऊस तोडतो. चित्रपटातले एका माणसाचे एक जेवण एक लाखाचे. म्हणजे त्या एका ताटासाठी नवरा-बायकोला दोनशेहून अधिक दिवस ऊस तोडावा लागेल. अख्खा हंगामही तेवढ्या दिवसांचा नसतो. आणि त्या लाखाच्या ताटात शेवटी गोड येते, त्यात साखर असते. ती साखर कोणी तोडली, हा प्रश्न मिशेलिनच्या मार्गदर्शिकेत नसतो. मुंबई-बंगळूरच्या नव्या महागड्या हॉटेलांत वाढपी हल्ली मोठ्या अभिमानाने सांगतो की ही नाचणी अमुक डोंगरातली, हे मीठ तमुक किनाऱ्यावरचे. जिनसाचा पत्ता सांगतात, पण तो पिकवणाऱ्याचा कोणी सांगत नाही.

आणि इथेच मला ते 'भाकरीविना ताट' पुन्हा आठवले. बारडोलीच्या त्या झोपड्यांपुढे पहाटे तीन दगडांची चूल पेटते आणि बाई रोटला थापते. आपण त्याला भाकरी म्हणतो, कानडीत ती जोळद रोट्टी. ज्वारी कोवळी असताना सुरतेत त्याच ज्वारीचा पोंक होतो, लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात. आपल्याकडे तो हुरडा, आणि विजापूर-बागलकोटकडे सीतनी. कोवळी ज्वारी शौकिनांची आणि जून ज्वारी कष्टकऱ्यांची. शेफ स्लोविक पाहुण्यांना सांगतो की ही भाकरी तुमची नाही. त्याच्या वेड्या डोक्यातून आलेले हे एक वाक्य मात्र शहाण्याचे आहे. भाकरीचा मान ज्याला कळत नाही, त्याला ती विकत मिळू नये.

चित्रपट संपल्यावर आमच्या घरात चर्चा झाली. भाच्याला दिग्दर्शन आवडले. भावोजींनी शेफला वेड्यात काढले. आतेबहीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे दादा, एवढी पाने वाढली, एवढी भाषणं झाली, पण त्यातल्या एकानं तरी कुणाला विचारलं का, पोट भरलं का म्हणून?"

तिने नेमके मर्मावर बोट ठेवले होते, कारण चित्रपटातली मार्गोही हेच म्हणते. इतकी पाने होऊनही मी उपाशीच आहे, असे ती शेफच्या तोंडावर सांगते. तुझ्या जेवणात बुद्धी आहे, माया नाही. मग तो विचारतो, तुला काय खायचे आहे? ती मागते साधा चीजबर्गर, दहा डॉलरच्या आतला, लहानपणी गाडीवर मिळायचा तसला. हा शेफ तरुणपणी एका साध्या दुकानात बर्गर भाजत असे आणि तेव्हाच्या फोटोत तो मनापासून हसत होता, हे तिने पाहिलेले असते. शेफ बाह्या सारून तव्यापुढे उभा राहतो. कांदा परततो, मांस तव्यावर दाबतो, पाव भाजतो. संपूर्ण चित्रपटात पहिल्यांदाच एका माणसाने एका माणसासाठी स्वयंपाक केलेला दिसतो, आणि त्या खुनशी माणसाच्या चेहऱ्यावर क्षणभर तेच जुने हसू येते. माझ्या मते हा गेल्या काही वर्षांतला सिनेमातला सर्वात उत्तम स्वयंपाक आहे.

मराठीत हा धागा सचिन कुंडलकर यांच्या २०१८ च्या 'गुलाबजाम'मध्ये वेगळ्या रीतीने आलेला आहे. तिथे लंडनची नोकरी सोडून आलेला आदित्य पुण्यात डबे करणाऱ्या राधाकडे मराठी स्वयंपाक शिकतो. सोनाली कुलकर्णीची ती राधा तुटलेली, तिरसट, पण तिचा हात मायेचा. त्याहून जुना डॅनिश चित्रपट 'बाबेट्स फीस्ट' १९८७ चा. त्यात एक निर्वासित आचारीण सोडतीत मिळालेले सगळे दहा हजार फ्रँक एका जेवणावर खर्च करते, आणि ते जेवून एकमेकांवर रुसलेले गावकरी पुन्हा बोलू लागतात. खर्च तिथेही अफाट आहे, कलाही उंच आहे. फरक एवढाच की बाबेट देण्यासाठी रांधते. स्लोविक रांधतो तो हिशेब चुकते करायला. म्हणून एका जेवणाने माणसे जोडली जातात आणि दुसऱ्याने जळतात.

'द मेन्यू' निर्दोष आहे असे नाही. शेफ जगाची वाटणी देणारे आणि घेणारे अशी दोन गटांत करतो आणि घेणाऱ्यांना शिक्षा ठोठावतो. पण शिक्षेचे प्रमाण कुठेच बसत नाही. अफरातफर करणाऱ्यालाही मरण आणि नटाच्या त्या बिचाऱ्या सहायक मुलीलाही मरण. तिचा गुन्हा काय, तर शिक्षणासाठी तिला कर्ज काढावे लागले नव्हते! शेफचे आचारी का मरतात, त्यांचे मन काय म्हणते, हेही नीट कळत नाही. ज्या राबणाऱ्यांच्या बाजूने चित्रपट बोलतो, त्यांनाच तो 'होय, शेफ' यापलीकडे फारसे बोलू देत नाही. ही मोठी उणीव आहे. मात्र एक गोष्ट चित्रपट लपवत नाही. श्रीमंतांच्या उद्धटपणावर चिडलेला हा शेफ स्वतः आपल्या हाताखालच्यांचा हुकूमशहाच आहे. पिडलेला माणूस आपोआप न्यायी होत नाही. बारडोलीलाच पाहा ना. ज्या तालुक्याने इंग्रजांच्या जुलमाविरुद्ध देशाला धडा घालून दिला, त्याच तालुक्यात त्या काळी शेतमालकाच्या दारी पिढ्यान्‌पिढ्या वेठीने बांधलेले 'हाळी' मजूर होते. लढा जिंकला तो जमीनवाल्यांनी. हाळींचा प्रश्न मागेच राहिला.

आता ही सगळी मंडळी आपल्या घरात आणून बसवू. टायलरला तर आपण रोज भेटतो. लग्नात ताट घेऊन आधी फोटो, मग दुसऱ्या कोनातून फोटो, मग निम्मे ताट टाकून आइस्क्रीमकडे धाव. चित्रपटात शेफ याच टायलरला म्हणतो, एवढे कळते ना तुला, मग ये आणि रांधून दाखव. तो जे काही शिजवतो त्याला पडद्यावर जे नाव दिले आहे ते या पानावर छापता येणार नाही. समीक्षक बाईही घरोघर आहेत. पहिला घास घेऊन 'मीठ जरा कमी आहे' म्हणणारा आणि चांगले झाले असेल तर काहीच न बोलणारा. आणि ते श्रीमंत वयस्क जोडपे? त्यांना शेफ एक साधा प्रश्न विचारतो. तुम्ही इथे अकरा वेळा जेवलात, मागच्या वेळचा एक पदार्थ सांगा. दोघांनाही एक नाव आठवत नाही. मला हा चित्रपटातला सर्वांत भयंकर प्रसंग वाटला, त्यात रक्ताचा थेंब नसूनही. कारण तो प्रश्न बेटावरून थेट आपल्या जेवणघरात येतो. काल रात्री घरात कोणती भाजी होती? परवा? वीस-पंचवीस वर्षे एका हातचे खाणाऱ्या किती जणांना सांगता येईल?

आपल्या दोन्ही भाषांत जेवणाविषयी शहाणपण कमी नाही. कानडीत म्हणतात, 'ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल'. ज्याला जेवता येते त्याला रोग नाही, ज्याला बोलता येते त्याचे भांडण नाही. मराठीत तृप्त झालेला माणूस 'अन्नदाता सुखी भव' म्हणून उठतो. आपली 'खानावळ' कानडीत 'खानावळी' होऊन हुबळी-धारवाडपर्यंत गेली आणि तिथली जोळद रोट्टी, एण्णेगाई घेऊन आपल्या ताटात परत आली. या खानावळींत मेन्यूकार्ड नसते, भाषण नसते. वाढणारी मावशी ताटाकडे न पाहता तोंडाकडे पाहते आणि आणखी अर्धी भाकरी टाकते. सीमाभागात दारी आलेल्याला पहिला प्रश्नच 'ऊट आयता?' असा असतो. जेवलात का? त्यात आपुलकी आहे. फक्त हा प्रश्न आपण पाहुण्याला विचारतो, रस्त्यावरच्या माणसालाही विचारतो. रांधणारीला तो कितीदा विचारतो? आजही पुष्कळ घरांत ती शेवटी बसते, आणि तोवर भांड्याच्या तळाशी जे उरेल ते तिचे पान. आतेबहिणीने तो 'पोट भरलं का' प्रश्न विचारला तेव्हा ती केवळ चित्रपटाबद्दल बोलत होती असे मला वाटत नाही.

चित्रपट एक तास सत्तेचाळीस मिनिटांचा आहे. हिंसा आहे, शिव्या आहेत, म्हणून लहान मुलांना घेऊन पाहू नये. कॉलेजात जाणाऱ्या मुलांबरोबर जरूर पाहावा, आणि नंतर टीव्ही बंद करून थोडे बोलावे. इंग्रजी समजायला जड गेले तर खालची अक्षरे लावून घ्यावीत. शेफचे कोरडे विनोद निसटू देऊ नयेत.

आणि एक गृहपाठ. प्राध्यापकाला त्याशिवाय लेख संपवता येत नाही. आज रात्री जेवताना भाजीचे नाव विचारून घ्या आणि आठवडाभर लक्षात ठेवा. चांगली झाली असेल तर तसे सांगा, मराठीत सांगा किंवा कानडीत. आणि पान वाढून झाल्यावर वाढणारीला शेजारी बसवून आधी विचारा, ऊट आयता?